रंग गेला, रेघ राहिली

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी एका शेतात हळद शिजवण्याच्या कुकरचा व्हॉल्व्ह बदलत होतो. आपल्या वर्गातले यशस्वी उद्योजक या विभागात तुझा लेख हवा, असा निरोप होता. हात वाफेने ओले, अंगावर काजळी, आणि कानावर हा शब्द. मी लगेच नाही म्हणालो. उद्योजक म्हणा हवे तर, पण यशस्वी हे विशेषण माझ्या नावापुढे लावले तर आपल्याच वर्गातली चारपाच मंडळी हसतील. त्यांना हसण्याचा पूर्ण हक्क आहे, हे पुढे येईलच. रात्री पुन्हा फोन आला. तेव्हा मी अट घातली की माझ्याविषयी थोडे लिहीन, पण लेख मुख्यतः लक्ष्मणराव किर्लोस्करांवर असेल. समितीने मान्य केले, म्हणून हा लेख.

लक्ष्मणरावच का, याचे कारण आपल्या चित्रकलेच्या सरांकडे जाते. आठवीत सर आपल्याला पॅसेंजरने किर्लोस्करवाडीला घेऊन गेले होते. १९८३ साल. डब्यात चटणीभाकरी, आणि परत येताना निम्मा वर्ग एकमेकांच्या खांद्यावर झोपलेला. सहल कारखाना बघायची होती, तर विज्ञानाचे सर सोडून चित्रकलेचे सर का पुढे झाले, हे तेव्हा कोणी विचारले नाही. सरांनी गाडीतच सांगितले होते, की ज्याच्या नावाचे हे स्टेशन आहे तो माणूस चित्रकार व्हायला निघाला होता. मला त्या दिवसातले यंत्रांपेक्षा हे वाक्य जास्त लक्षात राहिले. त्याचा अर्थ मात्र पंचवीस वर्षांनी, स्वतःचा कारखाना बुडाल्यावर कळला.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचा. मराठी संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे शाळेच्या पुस्तकात मन रमत नव्हते, चित्र काढण्यात आणि यंत्रे उघडून बघण्यात रमत होते. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आले की त्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखू येत नाही. चित्रकाराला रंगच दिसत नसतील तर पुढे काय? सोळासतरा वर्षांच्या मुलाने घरी परत जाऊन नशिबाला दोष दिला असता तरी कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी रंग सोडला आणि रेघ धरली. यंत्राच्या आराखड्यांचे रेखाटन शिकले. त्याला रंग लागत नाही, नजर आणि हात लागतो, आणि ते दोन्ही त्यांच्याकडे होते.

या रेखाटनाच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. नव्यानेच निघालेली संस्था, समोर यंत्रे, आणि रोज मुलांना शिकवायचे काम. ज्याला शिकवायचे असते त्याला आधी स्वतःला समजून घ्यावे लागते, हे इथे बसलेल्या आपल्या सगळ्या सरांना आणि बाईंना मी सांगायला नको. लक्ष्मणरावांनी यंत्रशास्त्र बरेचसे असे शिकवता शिकवता आत्मसात केले.

याच काळात सायकलचा धंदा सुरू झाला. सायकल तेव्हा नवलाची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवत, आणि तिथे थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत. या दुकानाचे साल १८८८ मानतात. सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये असे आणि ती चालवायला शिकवण्याची फी पंधरा रुपये घेत, असे सांगितले जाते. त्या काळातले हे पैसे कानाला आजही मोठे वाटतात. फीची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा गंमत वाटली. आज वाटते, त्या पंधरा रुपयांत पुढच्या सगळ्या उद्योगाचे बी होते. ज्या वस्तूची लोकांना ओळखच नाही ती नुसती मांडून ठेवून खपत नाही. आधी गिऱ्हाइकाला तिच्यावर बसवावे लागते.

नोकरीत मात्र एक दिवस वाईट उगवला. बढतीची पाळी लक्ष्मणरावांची होती आणि जागा एका अँग्लो इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. बरोबर फार पैसा नव्हता. पण रेखाटनाचा हात होता, शिकवण्याची सवय होती, यंत्राची जाण होती आणि भावाने चालवलेले एक दुकान होते. दुकानावर किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव होते. पुढे नांगरावर आणि पंपावर जे नाव घरोघर गेले ते मुळात सायकलच्या दुकानाचे.

सायकलीत पैसा मिळत होता, पण ती दुसऱ्याने बनवलेली वस्तू विकणे होते. लक्ष्मणरावांना स्वतः काहीतरी घडवायचे होते. त्यांनी आजूबाजूला पाहिले तर शेतकरी दिसला. पहिल्यांदा कडबा कापायचे यंत्र केले, मग विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी लोखंडी नांगर हाती घेतला. इथे त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड काळ सुरू झाला. लाकडी नांगर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. लोखंडी नांगराने जमिनीला विष चढते, असा समज शेतकऱ्यांत होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली.

मित्रांनो, हे वाक्य आपण पटकन वाचून पुढे जातो. दोन वर्षे म्हणजे सातशेतीस दिवस. रोज सकाळी उठून तो न विकलेला नांगर बघायचा. घरची माणसे काही बोलत नाहीत, पण त्यांचे न बोलणे ऐकू येते. ज्याने असे दिवस काढले आहेत त्याला या दोन वर्षांचे वजन कळते.

मी जे थोडेफार वाचले आणि स्वतः भोगले त्यावरून मला इथे एक गोष्ट दिसते. सायकलच्या धंद्याने लक्ष्मणरावांना जे शिकवले त्यातले निम्मे नांगराला उपयोगी होते आणि निम्मे निरुपयोगी होते. सायकल घेणारा माणूस शहरातला, पैसेवाला, नव्याची हौस असलेला. तो दुकानाच्या दारात आपणहून येत होता. नांगर घेणारा कुळवाडी तसा नव्हता. त्याच्यासाठी नांगर ही हौस नव्हती, वर्षाचे पोट होते. फसला तर त्याचा एक हंगाम जाणार. त्याचा संशय हा अडाणीपणा नव्हता, शहाणपण होते. अशा माणसाची दुकानात बसून वाट बघण्यात अर्थ नव्हता. जुन्या धंद्यातली ती सवय सोडणे भाग होते. पण गिऱ्हाइकाला आधी शिकवायचे, मग विकायचे, ही दुसरी सवय मात्र इथे कामी आली. नांगर जमिनीत चालताना दिसला आणि त्यामागे पीक उभे राहिलेले दिसले, तेव्हा विषाची भीती हळूहळू ओसरली. लोखंडी नांगर खोल जातो, तण मुळासकट उपटतो, हे शेतकऱ्याला डोळ्यांनी पटले. मुंबईच्या वर्गात यंत्र समजावणारे मास्तर आणि बेळगावात पंधरा रुपयांत सायकल शिकवणारे दुकान, दोन्हींची पुण्याई नांगराला मिळाली.

नांगर खपू लागले, कारखाना वाढू लागला, आणि तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे तिथून हलायची पाळी आली. वय चाळीस. पुन्हा शून्यापासून आरंभ. त्या सुमारास लक्ष्मणरावांचे औंध संस्थानात बांधकामाचे एक काम चालू होते, त्यामुळे तिथल्या राजांशी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींशी परिचय होता. राजांनी आपल्या हद्दीतली जागा दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. ज्याच्या हातचे काम आपण पाहिले आहे त्यालाच माणूस असे पैसे देतो. अनुभव हा फक्त आपल्या डोक्यात साठत नाही, तो दुसऱ्यांच्या मनातही साठतो. त्याला आपण पत म्हणतो.

१९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या बत्तीस एकर माळावर वस्ती उभी राहायला लागली. माळ कसला, निवडुंगाचे रान आणि त्यात साप. पाण्याची बोंब. तिथे भाऊ रामूअण्णा आणि शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांच्यासारखी सोबतची माणसे येऊन राहिली. कारखान्याबरोबर घरे झाली, शाळा झाली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम होता. शिक्षा भोगून आलेल्या, गावाने वाळीत टाकलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले. ज्याला स्वतःला एका जागी डावलले गेले होते त्याने दुसऱ्याला डावलायचे नाही असे ठरवले असावे, हा माझा अंदाज. नोकरीतला अपमानसुद्धा अनुभवाच्या शिदोरीत असतो. त्याचे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. काहीजण तो दुसऱ्यावर काढतात.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे अवघड झाले. लोखंड, कोळसा, रंग, सगळ्याची टंचाई. जमेल तिथे पर्याय शोधून कारखाना चालू ठेवला गेला. पुढे नांगराच्या जोडीला उसाचे चरक आले, भुईमूग फोडण्याचे यंत्र आले, हातपंप आले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी वाडीतून किर्लोस्कर खबर नावाचे छोटे पत्रक निघू लागले. पुतणे शंकरराव त्याचे संपादक. आरंभी ते कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवण्यासाठी होते. त्याचेच पुढे किर्लोस्कर मासिक झाले, आणि मग स्त्री आणि मनोहर ही मासिके आली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजीच्या पेटीत त्यांचे अंक सापडतील. मला त्यात पुन्हा तोच मास्तर दिसतो. माल विकायचा असेल तर माणसाला चार नव्या गोष्टी सांगा.

थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत यंत्रशास्त्र शिकून १९२६ साली परत आले. त्याच वर्षी वाडीत पंप तयार झाला. पुढची पिढी हरिहर, बंगळूर, पुणे इथे कारखाने काढत गेली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. माळावरच्या त्या स्टेशनाला त्याआधीच त्यांचे नाव मिळालेले होते.

आता माझे थोडे.

दहावीनंतर मी आयटीआय केले आणि बाजारपेठेत मोटार रिवाइंडिंगचे दुकान टाकले, हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या विहिरीवरच्या मोटारी मी भरून दिल्या. दुकान बरे चालले. २००३ साली मला वाटले की आता वस्तू घडवायची. औद्योगिक वसाहतीत भाड्याने शेड घेतली आणि हळद पॉलिश करायचे ड्रम बनवायला लागलो. बँकेचे कर्ज पुरेना, म्हणून वर्गातल्या पाच जणांकडून हातउसने घेतले. कोणी कागद करून मागितला नाही. चार वर्षांत शेडला कुलूप लागले. विकले गेले ते ड्रम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

२०१० साली आपल्या बॅचला पंचवीस वर्षे झाली म्हणून मेळावा झाला. मी आलो नाही. ताप आहे असे कळवले होते. ताप नव्हता. त्या पाच जणांसमोर जेवणाच्या पंगतीत बसायचे धैर्य नव्हते, एवढेच.

त्या दिवशी घरी बसून किर्लोस्करांवरचे जुने पुस्तक पुन्हा काढले आणि सायकल व नांगराच्या मधली ती दोन वर्षे वाचली. तेव्हा माझी चूक मला दिसली. मोटार जळली की शेतकरी धावत माझ्या दारात यायचा, कारण उभे पीक वाळत असायचे. मी समजलो की माझ्या नावावर येतो. ड्रम केले तेव्हाही तो तसाच येईल असे धरून मी शेडमध्ये बसून राहिलो. पण हळदीचे पॉलिश वर्षातून पंधरा दिवसांचे काम. त्यासाठी घरचा ड्रम कोण घेणार? भाड्याने करून घेणार. अकरा वर्षांच्या अनुभवातून मी नेमके चुकीचे तेवढे उचलले होते, आणि खरे उपयोगाचे होते ते, म्हणजे रात्री दहा वाजता बांधावर जाऊन मोटार चालू करून द्यायची सवय, ती दुकानाबरोबर मागे टाकली होती. अनुभव होता, पण त्याचा हिशेब केला नव्हता. हिशेब न केलेला अनुभव हा वहीत न लिहिलेल्या उधारीसारखा. आहे असे वाटते, पण वसूल होत नाही.

२०१२ मध्ये मी वाफेवर हळद शिजवायचा एक कुकर जोडला आणि ट्रॅक्टरमागे लावून शेतोशेत फिरलो. विकायचा नाही, शिजवून द्यायची आणि क्विंटलमागे पैसे घ्यायचे. पहिल्या हंगामात लोक दुरून बघायचे. काहिलीत शिजलेली हळद आणि वाफेची हळद शेजारी शेजारी मोडून दाखवावी लागायची. बरोबर पाने, गॅस्केट, जादा व्हॉल्व्ह असायचे, कारण बंद पडलेले यंत्र किती जिवाला लागते हे रिवाइंडिंगच्या दुकानात शिकलो होतो. तिसऱ्या हंगामात एकाने कुकर विकत मागितला. त्यानंतर मागणी येत गेली. आज माझ्याकडे सहा माणसे कामाला आहेत. फार मोठे काही नाही. हंगाम हुकला तर अजूनही झोप उडते.

पाचपैकी चौघांचे पैसे फिटले. पाचव्याचे राहिले आहेत. तो घे म्हटले की विषय बदलतो. या मेळाव्याला मी पाकीट घेऊन येणार आहे आणि सगळ्यांसमोर देणार आहे, म्हणजे त्याला विषय बदलता येणार नाही. मित्रा, तू हे वाचशील तोवर ते झालेले असेल. तू कागद मागितला नव्हतास, म्हणून हा छापील कागद तुझ्यासाठी.

आपली मुलेमुली आता नोकऱ्या सोडून काहीबाही सुरू करतात. आपण घाबरतो. आधीच्या कामाचा अनुभव आहे ना, एवढे विचारून समाधान मानतो. मी तेवढ्यावर थांबत नाही. त्या अनुभवातले काय बरोबर नेणार आणि काय मागे ठेवणार, हे मी माझ्या पुतणीला विचारले. तिने आठ दिवस मागून घेतले. मला ते उत्तर आवडले.

सर, तुम्ही यंदा व्यासपीठावर असाल. चित्रकलेत मला तुम्ही पस्तीसपैकी अकरा गुण दिले होते आणि रंग फार फासतोस, रेघ नीट काढ असा शेरा मारला होता. कुकरचे आराखडे आजही मीच काढतो. शिसपेन्सिलने. या वेळी घेऊन येतो, बघून द्या.